कुणाकडून आलं?

सकाळी साडेसहा

वैशाखातलं सोलापूर उजाडतं तेच तापलेलं. गॅलरीत चहाचा कप टेकवते न टेकवते तोच फोन वाजला. मंगळवेढ्याकडचे शेतकरी, बायपोलर आजारासाठी अकरा वर्षं लिथियमवर आहेत. “मॅडम, एकादशी धरू का?” दर एकादशीला हाच प्रश्न असतो आणि मला तो दर वेळी आवडतो. असं विचारून पाऊल टाकतात म्हणूनच अकरा वर्षं नीट गेली.

लिथियम हा मिठाचाच भाऊबंद. अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.० च्या आत असावी लागते. १.५ च्या वर गेली की हात कापतात, जीभ जड होते, चाल अडखळते. “धरा की. पण निर्जळी नको. मीठ घालून ताक घ्या, उन्हात रानात जाऊ नका, अंग दुखलं तर मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी आणू नका.” त्यांना आषाढीला वाखरीपर्यंत तरी दिंडीबरोबर चालायचंय. जूनमध्ये लेव्हल करून मगच बोलू, असं ठरलं.

यांच्या वडिलांनाही हाच आजार होता. गावानं त्यांना गोठ्यात बांधून ठेवलं होतं. मुलगा त्याच रानात ज्वारी पिकवतो.

साडेआठ

राऊंड. वरच्या मजल्यावरच्या खोलीत परवा भरती झालेला पोरगा, वय सत्तावीस, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आठवडाभर रोज दोनेक तास झोप. त्या आठवड्यात त्यानं चार लाखांचे टॉवेल उधारीवर उचलले आणि दुबईला माल पाठवायचा म्हणून कंटेनरची चौकशी केली. आज पहिल्यांदा सलग पाच तास झोपला. तरी बोलणं अजून पळतंय, एका वाक्याचं शेपूट दुसऱ्या वाक्यात. “मॅडम, मी आजारी नाही, मी जागा झालोय.” हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय! त्याच्याशी वाद घातला नाही. क्रिएटिनिन, टीएसएच आणि ईसीजी बघितला, लिथियमचा डोस लिहिला. रात्री नऊला गोळी. लेव्हलचं रक्त पाच-सहा दिवसांनी, सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर. सिस्टरनं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

साडेदहा

खाली त्याचे घरचे बसलेत. आई, वडील, आत्या. आल्या आल्या आत्या म्हणाल्या, “आमच्यात असलं कुणाला नाय ओ मॅडम. हिच्या भावाचं डोकं फिरलं होतं. खाण तशी माती.” आईनं मान खाली घातली. वडील खिडकीबाहेर बघत राहिले.

मी केसपेपर उलटा करून घराण्याचा नकाशा काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आजार असेल तर आतून काळं. हा नकाशा मी कधी चुकवत नाही, आणि त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. सतरा वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षिका खोल नैराश्यात आली होती. घरात कुणाला मानसिक आजार आहे का, असं मी विचारलं, नाही म्हणाले, मी नैराश्याचीच गोळी दिली. तीन आठवड्यांत ती उन्मादात गेली. नुसत्या नैराश्याच्या औषधानं बायपोलरचा माणूस असा उसळू शकतो. मावशी मनोरुग्णालयात होत्या, हे नंतर कळलं. घरच्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, मावशीला ते ‘बाहेरची बाधा’ म्हणत. तेव्हापासून मी ‘आजार’ हा शब्दच वापरत नाही. असं विचारते: कुणी घर सोडून गेलं होतं का? दिवसेंदिवस झोपायचं नाही, असं कुणी होतं? कुणी एकाएकी बैलजोडी विकली, विहीर खणायला काढली? बाळंतपणानंतर कुणी ओळख विसरलं? कुणी जीव दिला?

आईच्या बाजूचा मामा काळा झाला. तीन वेळा उन्माद, मधे महिनोन् महिने अंथरुणात. मामाला लिथियम चांगलं लागू पडलं होतं, ही मोलाची माहिती, कारण हा गुणही घराण्यातून उतरताना दिसतो. आजी पस्तिशीत दीड वर्ष मुकी होती. तोही गोल अर्धा काळा. मग पेन्सिल वडिलांच्या बाजूला नेली. थोरला भाऊ? “विहिरीत पाय घसरला,” वडील म्हणाले. कोणत्या साली? “बहात्तर.” मी तिरकी रेघ मारली आणि चौकोन पांढराच ठेवला.

मग टेबलाच्या खणातला डबा काढला. त्यात चिंचोके आहेत, काही काळे, काही भाजून साल काढलेले पांढरे. दोन वाट्या भरल्या, एक आईची, एक वडिलांची. दोन्हींत काळे-पांढरे मिसळलेले. “काळा म्हणजे धोका थोडासा वाढवणारा जनुकातला फरक. थोडासाच. असे हजारो असतात आणि ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या वाटीत असतात.” आत्यांना डोळे मिटायला लावले आणि दोन्ही वाट्यांतून एकेक मूठ घ्यायला सांगितली. पहिल्या मुठींत सात काळे आले. परत टाकले, ढवळले, पुन्हा घ्यायला लावलं, तर सोळा. वाट्या त्याच होत्या. “ही दोन सख्खी भावंडं,” मी म्हटलं.

आत्या मुठीकडे बघत राहिल्या. “म्हणजे दोघांकडून?”

“दोघांकडून. आणि नुसत्या मुठीवर भागत नाही. सलग जागरण, नशा, मोठा धक्का, कुणाला बाळंतपण. काळे सोळा असूनही उभा जन्म सुखानं जाणारे आहेत.”

आईनं पहिल्यांदा वर बघितलं. तिनं काही विचारलं नाही. एक चिंचोका उचलला आणि बोटांत फिरवत राहिली.

दीड वाजता

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. समोर उघडा लेख, जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला. बायपोलरचे १ लाख ५८ हजार रुग्ण आणि आजार नसलेले सुमारे २८ लाख लोक तपासून जनुकसंचातल्या २९८ जागा सापडल्या, जिथले फरक या आजाराशी जोडलेले आहेत. २०२१ मध्ये अशा ६४ जागा होत्या. यातली एकेक जागा धोका इतका कमी वाढवते की एकट्या माणसाबाबत तिच्यावरून काही सांगता येत नाही.

इथवर यायला ठेचा खाव्या लागल्या. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या आमिश लोकांच्या एका मोठ्या घराण्यात अकराव्या गुणसूत्रावर या आजाराचं जनुक असल्याचं जाहीर झालं, जगभर गाजलं. त्याच घराण्यातल्या आणखी माणसांची तपासणी झाली, आधी निरोगी धरलेले काही जण आजारी पडले, आणि १९८९ मध्ये तो दावा त्याच संशोधकांच्या गटाला मागे घ्यावा लागला. मला यात नामुष्की दिसत नाही. एकच जनुक दोषी सापडेल ही आशा तिथं ढासळली आणि खऱ्या उत्तराची वाट मोकळी झाली.

काही दुर्मीळ फरक मात्र मोठे असतात. २०२२ मध्ये एकेएपी-अकरा या जनुकातले बिघाड बायपोलरच्या रुग्णांत जास्त आढळले. फार थोड्या जणांत, पण त्यांचा धोका ते कितीतरी पट वाढवतात. या जनुकाचं प्रथिन ज्या जीएसके-तीन नावाच्या विकराशी जोडलेलं आहे, त्याच विकराला लिथियम आवर घालतं. जॉन केडनं १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात लिथियम वापरलं तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पेशंट शांत झाला, एवढंच दिसलं होतं. सत्तर वर्षांनी जनुकांची वाट त्याच दाराशी आली, हे वाचताना माझा घास हातात राहिला.

एक सल आहे. त्या २८ लाखांत युरोपीय आहेत, पूर्व आशियाई आहेत, आफ्रिकी अमेरिकन आणि लॅटिनो आहेत. आपण नाही. त्या आकड्यांवरून काढलेले धोक्याचे गुण माझ्या पेशंटला नीट लागू पडत नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये एकाहून जास्त माणसं आजारी असलेल्या घराण्यांचा अभ्यास चालू आहे. रक्तातल्या पेशींपासून मूळपेशी आणि त्यांपासून मेंदूच्या पेशी तयार करतात. गेल्या वर्षी मी इथलं एक कुटुंब तिकडं जायला तयार केलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी थोरल्या काकांनी बैठक घेतली, पोरींची लग्नं व्हायचीत म्हणाले, आणि रेल्वेची तिकिटं रद्द झाली.

तीन वाजता

तीच भीती आता समोरच्या खुर्चीत. चोवीस वर्षांची मुलगी, भाऊ माझा पेशंट. स्थळ आलंय, मुलाकडच्यांना कळलंय, त्यांनी थुंकीवरून जनुकं तपासणारं एक किट मागवून दिलंय. “मॅडम, टेस्ट नॉर्मल आली की ते हो म्हणणार आहेत.”

मी किट हातातही घेतलं नाही. अशी कोणतीही तपासणी आज नाही, जी हिला बायपोलर होईल किंवा होणार नाही हे सांगेल. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तीच असतात, तरी एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण शंभरात ४० ते ७०. जनुकंच सर्व काही असती तर ते १०० झालं असतं. सर्वसाधारण माणसांत हा आजार शंभरात एखाद्याला होतो, सख्ख्या भावंडाला असेल तर ५ ते १० जणांना. म्हणजे नव्वद ते पंच्याण्णव जणांना होत नाही. हिच्या मुलांपर्यंत तो आकडा आणखी खाली येतो.

“मग आनुवंशिकता ऐंशी टक्के असं मोबाइलवर का येतं?” हुशार पोरगी. जुळ्यांच्या अभ्यासातून ६० ते ८५ टक्के हा आकडा निघतो, हे खरं. पण तो माणसामाणसांमधला फरक कशामुळे पडतो याचा हिशेब आहे, एका माणसाच्या नशिबाचा नाही. हे तिला समजावायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी पुन्हा देईन.

“त्यांच्याकडे कुणाला काही नाही का?” मी विचारलं. मुलाचे चुलते दारूत गेले, आत्या वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाहीत. बायपोलर, स्किझोफ्रेनिया, नैराश्य यांच्या जनुकीय वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, एकाच घराण्यात वेगवेगळ्या रूपांनी दिसतात. ज्या घराचा नकाशा काढला, तिथं पांढरा कागद मला क्वचितच मिळाला. मुलीनं किट पिशवीत परत घातलं. “मुलाला भेटून मीच सांगते. भावाचं सगळं सांगते.” मी तिला म्हटलं, त्यालाच घेऊन ये, चिंचोके दाखवते.

साडेचार

एक बाई, दोन वर्षं छान स्थिर, आता मूल हवंय. व्हॅल्प्रोएटवर आहेत. ते गरोदरपणात बाळाला बाधतं, म्हणून आधी औषध बदलायचं, सहा महिने वाट बघायची. बाळंतपणानंतरच्या रात्री बाळाला सासूबाईंनी सांभाळायचं आणि हिला झोपू द्यायचं, हे सासूबाईंकडून माझ्यासमोर कबूल करून घेतलं. त्यांनी खणाच्या पिशवीतून डायरी काढून लिहूनही घेतलं.

सात वाजता

शेवटचा पेशंट गेला. सिस्टर दिवे मालवत होती, तेवढ्यात सकाळच्या पोराचे वडील दारात. एकटेच. चप्पल बाहेर काढून आले, बसा म्हटलं तरी उभेच.

“मॅडम, सकाळी एक सांगायचं राहिलं.”

मी वाट बघितली. पंखा फिरत होता.

“आमचा दादा. घसरला नव्हता ओ. बहात्तरला विहिरीत पाणी कुठं होतं? तळ दिसत होता.” बराच वेळ गेला. “बावीस वर्षांचा होता. त्याच्या आधी महिनाभर रातभर गात हिंडायचा. दुष्काळी कामावर मुकादमाशी भांडून आला, म्हणाला, मी नदी आणतो. मग एकाएकी गप्प झाला. मी नऊ वर्षांचा. आईनं सगळ्यांना सांगितलं, घसरला. मग आम्हीपण तेच म्हणत आलो.”

मी सकाळचा केसपेपर काढला. ते टेबलापाशी आले आणि तो पांढरा चौकोन बघितला. “हा तो?” हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी पेन्सिल दिली. हात थरथरत होता, काळं चौकोनाच्या रेघेबाहेर गेलं.

“तीस वर्षं हिच्या माहेराला बोललो आम्ही,” ते म्हणाले. “सांगतो तिला. आजच.” मग पेन्सिल खाली ठेवून विचारलं, “त्या वेळी ही गोळी होती का ओ?”

होती. दादा जन्माला आला तेव्हाही होती. मी तसंच सांगितलं. खोटं सांगणं मला जमलं नसतं. आपल्यापर्यंत पोचली नव्हती, एवढंच पुढे जोडलं.

ते मान हलवत राहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, “पोराची गोळी नऊला ना?” पाण्याची बाटली भरून घेतली आणि जिना चढून वर गेले.