तेरेखोलची खाडी व जगातील दोन महासत्ता

शिरोड्याच्या वेळागराच्या पुळणीवरून दक्षिणेस रेडीची वाट धरली म्हणजे दोन-तीन कोसांत तेरेखोलची खाडी लागते. खाडीच्या मुखाशी सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला एक लहानसा किल्ला आहे. १७४६ साली तो पोर्तुगीजांनी घेतला, आणि तेव्हापासून २१५ वर्षे त्यावर त्यांचे निशाण होते. मौज अशी की, बाकीचा गोवा खाडीच्या पलीकडे, आणि हा किल्ला मात्र अलीकडे, आमच्याच तीरावर! भरतीच्या वेळी खाडीत होडी घालणाऱ्या माणसास परराज्य डाव्या हातास की उजव्या, याचा घोळ पडावा अशी ही स्थिती होती.

वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारिले की, इंग्रज १९४७ साली गेले, फ्रेंचांनी १९५४ साली पाँडिचेरीचा कारभार सोडला, मग मूठभर पोर्तुगीज १९६१ पर्यंत कसे राहिले? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर पणजीत किंवा दिल्लीत सापडत नाही. ते शोधण्यास वॉशिंग्टन, मॉस्को आणि अटलांटिक महासागरातील एका बेटापर्यंत जावे लागते. म्हणून विद्यार्थ्यांनी जगाचा नकाशा पुढे ठेवूनच हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा विजयी राष्ट्रे अनेक होती, पण खरोखर बलवान अशी दोनच उरली: अमेरिका व सोव्हिएट रशिया. जर्मनीस हरविण्यापुरती त्यांची मैत्री होती. शत्रू पडताच ती मैत्रीही संपली. पूर्व युरोपातील ज्या ज्या देशांत रशियन सेना पोहोचली, त्या त्या देशांत पुढील दोन-तीन वर्षांत साम्यवादी राजवटी स्थापन झाल्या. ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतील फुल्टन या गावी चर्चिलसाहेबांनी भाषण केले, आणि युरोपच्या मध्यावर एक पोलादी पडदा उतरला आहे असे जगास सांगितले. त्याच सुमारास मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीत जॉर्ज केनन नावाचा अधिकारी होता. त्याने आपल्या सरकारास असे सुचविले की, रशियाशी युद्ध करू नये व त्यास शरणही जाऊ नये. त्याची सत्ता जेथे जेथे पुढे सरकू पाहील, तेथे तेथे धीराने व दीर्घकाळ तिला अटकाव करावा, म्हणजे कालांतराने ती आतूनच मवाळ होईल.

ही कल्पना शिरोड्याच्या मुलांस समजावून सांगणे कठीण नाही. आमच्या मिठागरांत भरतीचे पाणी हवे तेवढेच आत यावे म्हणून बांध घालतात. समुद्राशी कोणी लढत नाही. बांध मात्र सदैव डागडुजीत ठेवावा लागतो, कारण एक भगदाड पडले तर सबंध आगर बुडते. अमेरिकेने साम्यवादाभोवती असाच बांध घालावयाचे ठरविले. १२ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी ग्रीस व तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलरांची मागणी केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मार्शल योजनेची घोषणा झाली व तिच्याद्वारे पश्चिम युरोपात सुमारे १,३०० कोटी डॉलर ओतले गेले. उपाशी मनुष्य लवकर साम्यवादी होतो, हे त्यामागील गणित होते. आणि ते अगदीच चुकीचे होते असे आम्हांस वाटत नाही. पुढे ४ एप्रिल १९४९ रोजी १२ राष्ट्रांनी एकत्र येऊन उत्तर अटलांटिक करार केला. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, हे त्याचे मुख्य कलम.

या १२ राष्ट्रांत पोर्तुगाल होते, आणि आमची गोष्ट येथून सुरू होते.

कराराच्या प्रास्ताविकात लोकशाही व व्यक्तिस्वातंत्र्य यांचा मोठ्या आदराने उल्लेख आहे. पोर्तुगालात तर १९३२ पासून सालाझार यांची हुकूमशाही होती. गोव्यात सभा भरविण्याचीही मोकळीक नव्हती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावास बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांस अटक झाली. गोव्याचे वृद्ध देशभक्त त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांस शिक्षा होऊन पोर्तुगालातील पेनिश येथील किल्ल्यात कोंडण्यात आले. मग असे राष्ट्र स्वातंत्र्याच्या रक्षकांच्या पंक्तीस का बसविले? त्याचे कारण नकाशात दिसेल. लिस्बनपासून सुमारे १,५०० किलोमीटर पश्चिमेस, भर महासागरात, अझोर नावाची पोर्तुगीज बेटे आहेत. त्या काळची लष्करी मालवाहू विमाने अमेरिकेतून निघून एका दमात युरोप गाठू शकत नसत. वाटेत इंधन घ्यावे लागे. अझोरपैकी तेर्सेइरा बेटावरील लाजेस येथील विमानतळ त्यांस त्यासाठी हवा होता. ६ सप्टेंबर १९५१ रोजी अमेरिका व पोर्तुगाल यांच्यात त्याविषयी संरक्षण करारही झाला. बांध बांधणाऱ्यास दगड हवा असतो. तो दगड कोणाच्या अंगणातला, याची चौकशी तो फारशी करीत नाही.

सालाझार यांनी या सोयीचा पुरता लाभ घेतला. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा सागरापलीकडील प्रांतच होय, असे त्यांनी प्रतिपादन केले, व पूर्वेकडील ख्रिस्ती संस्कृतीचा तो बालेकिल्ला असल्याचा डांगोरा पिटला. गोव्यावरील संकट हे मित्रराष्ट्रांवरील संकट मानावे, असा त्यांचा आग्रह होता. येथे भूगोलाच्या विद्यार्थ्यांस एक चांगले उदाहरण सापडेल. अटलांटिक कराराच्या सहाव्या कलमात संरक्षणाच्या क्षेत्राची मर्यादा घातली असून, बेटांच्या बाबतीत ती कर्कवृत्ताच्या उत्तरेपर्यंतच आहे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर. अझोर सुमारे अडतीस अंशांवर, म्हणून आत. गोवा व शिरोडा दोन्ही पंधरा-सोळा अंशांच्या आसपास, आणि तीही हिंदी महासागराच्या बाजूस. म्हणून सर्वस्वी बाहेर. तेव्हा कराराच्या अक्षराने गोव्यासाठी कोणासही लढावे लागणार नव्हते. परंतु मित्राचे मन राखणे ही अक्षरापलीकडची गोष्ट असते.

ख्रिस्ती धर्माच्या नावाने जो दावा केला गेला, त्याविषयी आमच्या शाळेच्या मासिकात दोन शब्द अधिक लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोम येथे पोप बारावे पायस यांस भेटले. गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे पोपमहाराजांस मान्य आहे, असे त्यांनी भेटीनंतर सांगितले. गोव्याच्या मुक्तीसाठी तुरुंगात गेलेल्यांत ख्रिस्ती घराण्यांतील माणसे थोडी नव्हती; वर सांगितलेले कुन्हा हे त्यांपैकीच. आणि आमच्या शेजारचेच उदाहरण द्यावयाचे तर १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून ज्या गोमंतकीय सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला, त्यांचे पुढारी आल्फ्रेड आफोन्सो हे होते. किल्ला फार वेळ त्यांच्या हाती राहिला नाही. पोर्तुगीजांनी त्यांस पकडून नेले. हिरवे गुरुजी व शेषनाथ वाडेकर या हुतात्म्यांची नावेही या किल्ल्याशी कायमची जोडली गेली आहेत. ज्या गावाने १९३० साली मिठाचा सत्याग्रह पाहिला, त्याच्या उंबरठ्यावर हे घडत होते.

१९५५ साल या सर्व प्रकरणाचा कळस होय. मे महिन्यात नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांच्या तुकडीने सत्याग्रहास आरंभ केला. त्या चळवळीत समाजवादी होते, साम्यवादी होते, जनसंघाचे होते, आणि कोणत्याच पक्षाचे नसलेले शेतकरी व शिक्षकही होते. लिस्बनच्या चष्म्यातून मात्र त्यात साम्यवादाचा हात तेवढा दिसे. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र लोक सरहद्दीवर ठिकठिकाणी आत शिरले. त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व वीसहून अधिक माणसे मेली. भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले, आणि सरहद्दीवरील व्यवहारावर कडक निर्बंध आले. खाडीच्या दोन्ही तीरांवर एकमेकांच्या लेकी-सुना दिलेल्या. त्यांच्यापुरते शीतयुद्ध म्हणजे माहेरची वाट बंद होणे, एवढेच होते.

नोव्हेंबरात रशियाचे नेते बुल्गानिन व ख्रुश्चेव भारतात आले, आणि त्यांनी गोव्यावरील भारताच्या हक्कास उघड पाठिंबा दिला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांस हे झोंबले. २ डिसेंबर रोजी त्यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा (आमच्या देशभक्त कुन्हांशी यांचा संबंध नाही) यांच्यासह एक पत्रक काढिले, आणि त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज 'प्रांत' असा शब्दप्रयोग केला. एका शब्दाने केवढा अनर्थ व्हावा! प्रांत म्हटले की सालाझारांचा सगळा युक्तिवाद मान्य झाला. भारतभर संतापाची लाट उसळली, आणि रशियास जे शंभर भाषणांनी साधले नसते ते या पत्रकाने साधून दिले. साम्यवादास बांध घालण्याच्या नादात अमेरिकेने आपल्याच बांधास भगदाड पाडिले, असे आमचे मत आहे.

तथापि रशियासही निव्वळ न्यायासाठी झटणारा समजण्याचे कारण नाही. त्या पत्रकानंतर बाराव्याच दिवशी, १४ डिसेंबर १९५५ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघात १६ नवी राष्ट्रे एकदम घेण्यात आली. रशियाच्या बाजूची काही व पश्चिमेच्या बाजूची काही, असा तो सौदा होता. त्या सोळांत पोर्तुगालही होते, आणि त्यास रशियाने हरकत घेतली नाही. पुढील वर्षी हंगेरीतील उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला. त्या वेळी आपल्या सरकारने जेवढ्या स्पष्टपणे बोलावयास हवे होते तेवढे ते प्रथम बोलले नाही. बुडापेस्टच्या लोकांसही पणजीच्या लोकांइतकेच स्वातंत्र्य प्रिय होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

त्यानंतरच्या पाच वर्षांत जगाचे वारे पालटले. आफ्रिकेतील देशामागून देश स्वतंत्र झाले. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहती संपविण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ दुसऱ्या ठरावाने गोव्याची गणना परतंत्र प्रदेशांत करून सालाझारांचा 'प्रांत' निकालात काढला. १९६१ च्या आरंभी अंगोलात बंड झाले. अमेरिकेचे नवे अध्यक्ष केनेडी यांच्या सरकारने त्या प्रश्नावर मार्चमध्ये पोर्तुगालविरुद्ध मत दिले; परंतु अझोरच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपावयाची होती, ती चिंता त्यांच्या मानेवर होतीच. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात एक कोळी मरण पावला. १८ डिसेंबरला भारतीय सेना गोव्यात शिरली. पोर्तुगालने इंग्लंडकडे धाव घेतली. त्या दोघांची मैत्री १३७३ सालच्या तहापासूनची. पण सहाशे वर्षांचा तो कागद या वेळी कामी आला नाही.

त्याच दिवशी न्यूयॉर्क येथे सुरक्षा समितीची बैठक भरली. भारताने लढाई थांबवून सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी मांडला. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी सांगितले की, चार शतकांपूर्वी जो प्रदेश बळाने घेतला, त्यावरील ताबा काळ लोटल्याने कायदेशीर होत नाही. मते पडली ती अशी: ठरावाच्या बाजूने ७, विरुद्ध ४. विरोधकांत सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक ही तीन लहान राष्ट्रे होती, आणि चौथा रशिया. अकरांपैकी सातांचे बहुमत झाले होते. परंतु पाच बड्या राष्ट्रांपैकी एकाने नकार दिला की ठराव पडतो. रशियाच्या त्या नकाराधिकाराने ठराव पडला. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन अत्यंत व्यथित झाले, व राष्ट्रसंघाच्या अंताची ही सुरुवात आहे अशा आशयाचे ते बोलले.

त्यांचे बोलणे दांभिक म्हणून सोडून देणारे बरेच आहेत. आम्हांस तसे करवत नाही. जगास शांततेचा उपदेश करणाऱ्या देशाने शस्त्र उचलले, हा आरोप खोटा नव्हता. मात्र चौदा वर्षे विनंत्या करून, सत्याग्रहींची प्रेते उचलून, मग ते उचलले गेले, हे सांगावयास स्टीव्हन्सन विसरले. आणि त्या चौदा वर्षांत त्यांच्या देशाने लिस्बनला एक शब्द ठामपणे ऐकविला असता, तर कदाचित त्या रात्री मते मोजण्याची पाळीच आली नसती.

१९ डिसेंबरच्या सायंकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली. सालाझारांची आज्ञा अखेरपर्यंत लढण्याची होती. ती पाळली असती तर गोव्याची राखरांगोळी झाली असती. ती मोडल्याबद्दल त्यांस स्वदेशात शिक्षा झाली, तरी गोमंतकीय त्यांचे नाव आजही बऱ्या शब्दांत घेतात. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालातच हुकूमशाही उलथली, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी नव्या सरकारने तह करून गोव्यावरील भारताचे स्वामित्व मान्य केले. ज्या सोव्हिएट संघाभोवती तो मोठा बांध घातला होता, तो संघ डिसेंबर १९९१ मध्ये आपोआप विसर्जित झाला. लाजेसच्या विमानतळावर अमेरिकन विमाने त्यानंतरही उतरत राहिली.

तेरेखोलचा किल्ला अद्याप अलीकडच्या तीरावरच आहे, व गोव्यातच मोडतो. आतील संत अँथनीचे चर्च जागच्या जागी आहे. रेडीहून चालत जाणाऱ्यास आता कोणी परवाना विचारीत नाही.