तीन टक्के नेमके कशाचे?

उंबरमाळी, खर्डी, कसारा या पट्ट्यातला किंवा मुरबाड तालुक्यातला भातशेतकरी खरिपाच्या तोंडावर सोसायटीकडे पीककर्जासाठी जातो, तेव्हा ज्या शब्दांवर त्याचा वर्षाचा हिशेब ठरतो त्यांत ‘3 टक्के व्याज सवलत’ हे शब्द असतात. त्यांचे दोन अर्थ निघतात. ‘3 टक्के व्याज’ एका दमात वाचले, तर कर्ज 3 टक्क्यांनी मिळणार असे वाटते. ‘व्याज सवलत’ एकत्र वाचले, तर मूळ दरातून 3 टक्के कमी होणार असे कळते. खरा अर्थ दुसरा आहे. केंद्र सरकारच्या योजनेत 3 लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाचा दर 7 टक्के आणि मुदतीत फेड केल्यास 3 टक्के सूट, म्हणजे उरतात 4 टक्के. 1 लाखाच्या कर्जावर वर्षाला 3 हजार भरायचे की 4 हजार, हा गोंधळ केवळ शब्द सुटे लिहिल्यामुळे होतो.

इंग्रजीत अशा वेळी दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह घालतात. मराठीने तोच मार्ग धरू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे हे चिन्ह मुख्यतः बरोबरीच्या जोडीसाठी वापरले जाते: नफा-तोटा, देणे-घेणे. आकड्यांशेजारी तर ते धोक्याचेच. ‘3-4 टक्के’ म्हणजे तीन ते चार, आणि हिशेबाच्या रकान्यात आडवी रेघ म्हणजे वजा. शिवाय मराठीजवळ याहून नेमकी साधने आहेत. समास जोडून लिहिला की ‘व्याजसवलत’ हा एक शब्द होतो आणि 3 टक्के सवलतीचे आहेत हे दिसते. प्रत्यय लावला की शंकाच उरत नाही: ‘व्याजदरात 3 टक्क्यांची सवलत’. ‘थकीत कर्ज वसुली’ यात थकले काय, कर्ज की वसुली? ‘थकीत कर्जाची वसुली’ म्हटले की प्रश्न मिटतो. विशेषणाचे लिंगही मदतीला येते: ‘नवी कर्जयोजना’ वेगळी आणि ‘नव्या कर्जासाठी योजना’ वेगळी. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. ते सांगताना कोणी ‘शून्य टक्के व्याजसवलत’ लिहिले, तर त्याचा अर्थ सवलतच नाही असा होईल. तिथे ‘मुदतीत फेडल्यास बिनव्याजी’ हेच लिहायला हवे.

यावर कोणी म्हणेल की जोडून लिहिलेले लांबलचक शब्द नवसाक्षराला वाचता येत नाहीत. आक्षेप रास्त आहे, म्हणून मर्यादाही हवी: दोन शब्दांपुढे जोडणी नको, तिथून पुढे प्रत्यय. दुसरा आक्षेप असा की योजनांची अधिकृत नावे सुट्या शब्दांतच छापली जातात. नाव आहे तसे राहू द्यावे; त्याखालचे स्पष्टीकरण तरी बिनचूक असावे. तिसरा आक्षेप सर्वांत प्रचलित: संदर्भावरून सगळ्यांना कळतेच. कळते ते बँकेतल्या माणसाला, आणि त्याला त्या कागदाची गरज नसते. गरज कर्जदाराला असते, सही किंवा अंगठा त्याचाच असतो.

न समजलेल्या कागदाची किंमत महाराष्ट्राने पूर्वी मोजलेली आहे. 1875 साली सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचा रोखा सरकारी निबंधकासमोर लिहिण्याची तरतूद आली. कर्जदाराला कागद समजला पाहिजे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. आजची सहकारी व्यवस्था सावकारी नव्हे; म्हणूनच तिच्याकडून अपेक्षा अधिक आहे. विकास सोसायट्यांनी आणि जिल्हा बँकांनी यंदाच्या खरिपाआधी आपले फलक आणि अर्ज एकदा कर्जदाराच्या नजरेने वाचावेत, आणि जिथे दोन अर्थ निघतात तिथे वाक्य बदलावे. त्याला फारसा खर्च येत नाही.