गाडी पुसताना ओरखडे कोण पाडतं?

नुकतीच धुऊन पुसलेली गाडी उन्हात उभी केली, की तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसू लागतात. गडद रंगाच्या गाडीवर तर त्या लांबूनही दिसतात. बहुतेक जण याचा दोष फडक्याला देतात आणि पुढच्या वेळी आणखी महाग फडकं आणतात. माझ्या मते हा दोष चुकीच्या ठिकाणी लावला जातो. स्वच्छ, मऊ सुती धाग्याने रंगावर नजरेत भरेल अशी रेघ सहसा उमटत नाही. ती उमटते फडक्याखाली सापडलेल्या कणामुळे. त्यामुळे गाडी कशाने पुसायची हे ठरवण्याआधी पुसताना हा कण जाणार कुठे, याचा विचार व्हायला हवा. तो केला, तर ज्या शहराच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं आहे त्या सोलापूरकरांना बाहेरच्या फडक्यांमागे धावण्याची फारशी गरज उरत नाही.

गाडीचा पत्रा, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर, अशी गाडीच्या रंगाची रचना असते. झळाळी या वरच्या थराची. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. हा थर रेझिनचा असतो आणि खनिजांच्या तुलनेत बराच मऊ असतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस मापनश्रेणीत पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास येते, फेल्डस्पार सहावर आणि गारगोटी सातवर. सोलापूर ज्या काळ्या कातळावर वसलं आहे त्यात फेल्डस्पार भरपूर, आणि कातळाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटीच्या जातीची खनिजंही सापडतात. त्या दगडाचा चुरा, रस्त्याची वाळू, बांधकामाची धूळ हे सगळं गाडीवर बसतं. जिल्ह्यात साखर कारखाने बरेच. गाळपाच्या हंगामात चिपाड जाळून उडणाऱ्या राखेतही सिलिकाचं प्रमाण मोठं असतं. म्हणजे गाडीवर बसलेली धूळ नुसती मळ नसते, तिच्यात सुरीहून कठीण कण असतात. कोरड्या गाडीवर सकाळी सकाळी फडका किंवा डस्टर फिरवणं सगळ्यात घातक ठरतं ते यामुळेच. पाणी नसल्याने तो कण फडक्याबरोबर घासत जातो.

या रेघा गोल का दिसतात, याचंही उत्तर इथे द्यायला हवं, कारण त्यातून एक गैरसमज पसरला आहे. गोल फिरवून पुसलं म्हणून गोल ओरखडे पडतात, सरळ पुसलं की पडत नाहीत, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेलेच चमकतात आणि म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. सरळ पुसण्याचा फायदा एवढाच, की पडलेले ओरखडे मोजक्या कोनांतूनच दिसतात. कण तिथे असेल, तर हात कसाही फिरवा, रेघ पडणारच.

आता फडक्यांकडे पाहू. शॅमॉय, रबरी वायपर, जुना बनियन, धोतराचा तुकडा या सगळ्यांचा पृष्ठभाग सपाट असतो. त्यांच्याखाली आलेल्या कणाला आत शिरायला जागा नसते, तो रंगाला चिकटून ओढला जातो. टेरी कापडाची वीण वेगळी. त्यात दोन ताणे असतात, एक घट्ट आणि एक सैल. बाण्याचे काही धागे टाकून ते एकदम ठोकले, की सैल ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि कापडाच्या दोन्ही बाजूंना बारीक लूप उभे राहतात. इंग्लंडच्या हेन्री ख्रिस्टीने असं कापड तुर्कस्तानात पाहिलं आणि यंत्रावर विणलेले टॉवेल 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडले. आपल्याकडे आजही त्याला टर्किश टॉवेल म्हणतात. लूपमुळे कापडाचं क्षेत्रफळ वाढतं, म्हणून ते पाणी जास्त पितं, आणि उरलासुरला कण लुपांच्या मधल्या जागेत जातो. गाडी पुसताना आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: मायक्रोफायबरच वापरावं, सुती टॉवेल गाडीला लावूच नये. त्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे अत्यंत बारीक, चिरलेले तंतू पाणी झपाट्याने शोषतात. चांगला, लांब लवेचा मायक्रोफायबर टॉवेल अंगणात वाळवलेल्या सुती टॉवेलपेक्षा मऊही असतो. पण त्याचा गुण येतो त्याच्या लवेतून, म्हणजे पुन्हा रचनेतूनच. तोच टॉवेल घरच्या कपड्यांबरोबर धुतला, गरम पाण्यात टाकला, जमिनीवर पडल्यावर झटकून परत वापरला, तर त्याचे तंतू आणि मधली जागा दोन्ही वाया जातात. अशा मायक्रोफायबरपेक्षा नीट राखलेला सुती टेरी टॉवेल बरा. सुती टॉवेलची खरी अडचण वेगळीच आहे. क्षारांच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवला की तो ताठ होतो. यावर उपाय साधा आहे: तो कोरडा वापरायचा नाही. ओला करून घट्ट पिळला की धागे मऊ पडतात, आणि किंचित ओला टॉवेल पाणी ओढायलाही लवकर लागतो.

दुसरा आक्षेप सोलापुरात टाळताच येणार नाही. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे गाडीवर पाण्याचा मारा करायचा कसा? तो करूच नये. मात्र आहे ते पाणी कुठे खर्चायचं, हे ठरवता येतं. साबण लावण्याआधी धूळ भिजवून खाली सोडण्यावर पाण्याचा मोठा वाटा खर्चावा, कारण जो कण वाहून गेला तो पुसताना हाताखाली येत नाही. शेवटचं पाणी तांब्याने टपावरून संथपणे सोडावं. तोटीच्या फवाऱ्याने थेंब विखुरतात, संथ धार सलग पापुद्र्यासारखी उतरते आणि बरंचसं पाणी स्वतःबरोबर खाली नेते. मग पुसायला फार उरतच नाही. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरण्याची पद्धत चांगली आहे, पण ते पहिल्या भिजवणीसाठी. त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात, त्यामुळे अखेरच्या हातासाठी ते योग्य नाही. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. स्वच्छ बादलीत साठवलं, तर शेवटच्या धारेला ते उत्तम.

मग पुसायचंच कशाला, वाळू द्यावं, असंही कुणी म्हणेल. मऊ पाण्याच्या गावात ते चालेल. इथे बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं आणि क्षार पांढऱ्या डागांच्या रूपाने मागे राहतात. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर थेंब बघता बघता आटतो, आणि हे डाग घासून काढायला गेलं की नवे ओरखडे पडतात. म्हणून गाडी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, सावलीत आणि पत्रा हाताला गार लागत असतानाच धुवावी.

पुसताना जोर लावू नये. टॉवेल उलगडून टपावर किंवा बॉनेटवर पसरावा, हलकेच थापटावा आणि उचलावा, किंवा दोन टोकं धरून अलगद ओढावा. टॉवेलचं स्वतःचं वजन पुरतं. चुकून एखादा कण राहिलाच, तर दाब कमी असल्याने त्याची रेघ उथळ राहते. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग, या क्रमाने खाली यावं. दरवाज्यांच्या खालच्या पट्टीला आणि चाकांना वेगळा टॉवेल ठेवावा, कारण रस्त्याची वाळू तिथेच जास्त बसलेली असते. टॉवेल जमिनीवर पडला, की त्या दिवसापुरता तो बाद समजावा.

ओरखडे पडले तर पॉलिश करून घेऊ, हा विचार महागात पडतो. पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंतचा क्लिअर कोट घासून काढणं. मुळात केसाहून पातळ असलेला हा थर दर वेळी थोडा कमी होतो आणि परत भरून येत नाही.

सोलापुरी टॉवेल यासाठी घ्यायचा, तर लुसलुशीत आणि दोन्ही बाजूंना लूप असलेला बघून घ्यावा. काठाची नक्षीदार पट्टी सपाट आणि घट्ट विणीची असते, ती आणि कडेची शिवण रंगावर येणार नाही अशी घडी घालावी. लेबल कापून टाकावं. नवा टॉवेल लगेच वापरू नये. त्यावर फिनिशिंगचा लेप असतो, तो दोन-तीन धुण्यांत जाऊ द्यावा. सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, कारण त्याचा थर धाग्यावर बसून पाणी शोषणं कमी होतं. टॉवेल इतर कपड्यांपासून वेगळा धुवावा, सावलीत वाळवावा, दोरीवरून काढताना दोन-चार वेळा जोरात झटकावा आणि झाकणाच्या डब्यात ठेवावा, गाडीच्या डिकीत नको. लूप चपटे होऊन टॉवेल गुळगुळीत झाला, की त्याला टायर पुसायला काढावं आणि रंगासाठी नवा घ्यावा.