जहाज चालवतो पायलट, मग नुकसानभरपाई मालक का भरतो?

पायलट म्हटलं की आपल्याला विमानच आठवतं. पण जहाजालाही पायलट असतो, आणि गंमत म्हणजे तो जहाजाच्या कंपनीचा माणूस नसतो. तो त्या बंदराचा जाणकार असतो. गाळ कुठे साचलाय, ओहोटीचं पाणी कुठे जोरात ओढतं, पुलाच्या कोणत्या दोन खांबांमधून जायचं, हे त्याला पाठ असतं. छोट्या बोटीने तो जहाजापर्यंत येतो, दोरीच्या शिडीने वर चढतो आणि जहाज आत किंवा बाहेर नेऊन देतो.

बऱ्याच बंदरांत मोठ्या जहाजांना पायलट घेणं सक्तीचं असतं. आता प्रश्न असा: कायद्यानेच हा माणूस घ्यायला लावला आणि तोच चुकला, तर पैसे कोणी द्यायचे?

७ नोव्हेंबर २००७. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दाट धुकं होतं. 'कॉस्को बुसान' नावाचं कंटेनर जहाज ओकलंडहून निघालं. रडारचं चित्र नीट दिसत नाही असं वाटल्यामुळे पायलटने इलेक्ट्रॉनिक नकाशावर भरवसा ठेवला. त्या स्क्रीनवर दोन लाल त्रिकोण होते. हे कसले, असं त्याने कॅप्टनला विचारलं आणि ते पुलाच्या दोन खांबांमधला मध्य दाखवतात असा समज करून घेतला. प्रत्यक्षात ते खांबाजवळच्या बोयांचं चिन्ह होतं! जहाज बे ब्रिजच्या खांबाला घासलं, बाजूला २१२ फूट लांब चीर पडली आणि सुमारे २ लाख लिटर इंधन तेल पाण्यात गेलं. हजारो पक्षी मेले.

चौकशीत पायलट घेत असलेल्या औषधांचा त्याच्या विचारशक्तीवर परिणाम झाल्याचं समोर आलं. पण तपास तिथे थांबला नाही. निघण्याआधी पायलट आणि कॅप्टनने मार्गाबद्दल नीट बोलणंच केलं नव्हतं, आणि कॅप्टनने त्याच्यावर पुरेसं लक्ष ठेवलं नाही, हेही अहवालात आहे. हा मुद्दा महत्त्वाचा. पायलट आला म्हणून कॅप्टनची सुट्टी होत नाही. दिशा आणि वेग पायलट सांगतो, पण जहाजाचा प्रमुख कॅप्टनच. धोका दिसला तर त्याने पायलटला थांबवायलाच हवं.

पायलटला १० महिन्यांचा तुरुंगवास झाला. जहाज चालवणाऱ्या कंपनीला १ कोटी डॉलरचा दंड बसला, कारण तिने अपघातानंतर प्रवासाच्या नियोजनाचे खोटे कागद बनवले होते (हे तर सरळ स्वतःच्या पायावर धोंडा). शिवाय २०११ मध्ये मालक आणि ही कंपनी मिळून ४ कोटी ४४ लाख डॉलर भरायला तयार झाले. तेलगळतीसाठी अमेरिकेत १९९० चा वेगळा कायदा आहे. त्यात चूक नेमकी कोणाची हे ठरायच्या आधीच मालक आणि चालवणारी कंपनी जबाबदार धरली जाते.

टक्कर झाली पण तेल सांडलं नाही, तर? तिथे अमेरिकेतला १८६८ चा 'द चायना' खटला आजही वाचावा असा आहे. न्यूयॉर्कहून निघालेल्या या जहाजावर सक्तीचा पायलट होता आणि चूक त्याचीच होती. तरी कोर्ट म्हणालं, भरपाई जहाजाकडून मिळेल. म्हणजे दावा थेट जहाजावर! जहाज अडकवून ठेवता येतं, आणि ते सोडवायला मालकाला पैशांची हमी द्यावी लागते. कारण साधं आहे. ज्याचं जहाज बुडालं त्याला 'जा, पायलटकडून घे' म्हटलं, तर एका पगारदार माणसाच्या खिशातून निघणार तरी किती? मात्र १९०१ मध्ये त्याच कोर्टाने हेही सांगितलं की सक्तीच्या पायलटच्या चुकीसाठी मालकाला व्यक्तिशः जबाबदार धरता येणार नाही. जहाज दोषी, मालक नाही! वकिलांना आवडेल असा फरक आहे हा.

ब्रिटनने १९१३ च्या कायद्याने 'पायलट सक्तीचा होता' ही मालकांची पळवाटच बंद केली. आपल्याकडच्या १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यातही तसंच कलम होतं: पायलट सक्तीने घ्यावा लागला तरी नुकसानीला मालक किंवा कॅप्टन उत्तरदायी.

पनामा कालव्यात मात्र गणित वेगळं आहे. तिथे जहाजाच्या हालचालीचा ताबा प्रत्यक्ष पायलटकडेच जातो.