कॉम्प्युटरमधली कच्ची वही

आमच्या पेढीवर पूर्वी दोन वह्या असत. एक कच्ची, एक पक्की. दिवसभराचा माल, उधारी, हमाली सारे घाईघाईत कच्चीत टिपायचे आणि रात्री मुनीमजी ते पक्कीत उतरवीत. मग कच्चीची पाने पुड्या बांधायला जात. कॉम्प्युटरचाही कारभार बराचसा असाच आहे. आम्हाला हे ठाऊक नव्हते, म्हणून चांगलेच फसलो.

२०१२ च्या लग्नसराईत सुरतहून मालाची यादी मेलने आली. मुलाने ती मेलमधूनच उघडली. आम्ही शेजारी बसून तीन तास तिच्यात भाव भरले, कोणता तागा कोणाकडे उधारीवर गेला तेही लिहिले. 'सेव्ह' केले. मशीनने काही हरकत घेतली नाही. सकाळी मेलमधून यादी पुन्हा उघडली तर जशी आली होती तशीच! मुलावर आम्ही रागावलो. गफलत दोघांचीही होती.

मेलमधून थेट उघडलेली फाईल आपल्या कोणत्याच फोल्डरात नसते. प्रोग्राम तिची एक नक्कल तात्पुरत्या जागी ठेवतो आणि आपण भरलेले सारे त्या नकलेत जाते. आमच्या मुलाने रात्री 'जागा भरली' म्हणून नेमकी तीच तात्पुरती जागा रिकामी केली होती. तेव्हा व्यापारी बंधूंनो, आलेली फाईल आधी 'सेव्ह अ‍ॅज' करून आपल्या फोल्डरात ठेवा, मग तिच्यात अक्षर लिहा.

विंडोजमध्ये ही जागा 'टेम्प' नावाच्या फोल्डरात असते. वापरणाऱ्याच्या नावाचा फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, त्यात टेम्प, अशी वाट. अ‍ॅपडेटा लपविलेला असल्याने सहसा दिसत नाही. नीट बंद झालेला प्रोग्राम बहुधा आपला पसारा स्वतःच आवरतो. मध्येच वीज गेली की तो तसाच पडून राहतो, आणि यंत्रमागाच्या गावांत वीज किती वेळा जाते ते आम्ही काय सांगावे!

लिनक्सवर अशा दोन जागा आहेत. 'टीएमपी' अनेक ठिकाणी मशीन पुन्हा सुरू होताच साफ होते, 'व्हार' मधली 'टीएमपी' मात्र त्यानंतरही टिकते.

साफसफाई जरूर करावी, पण सारे प्रोग्राम बंद करून, आणि नवा प्रोग्राम बसविणे अर्धवट असेल तर मुळीच नाही. 'फाईल वापरात आहे' असे मशीन म्हणाले तर ती सोडून द्यावी. विंडोजचे 'डिस्क क्लीनअप' आठवड्याच्या आतल्या तात्पुरत्या फायलींना सहसा हात लावत नाही, ही मुदत शहाणपणाची आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये 'स्टोरेज सेन्स' आले, ते आपोआप झाडू मारते. त्याच्या सेटिंगमध्ये 'डाऊनलोड्स'ही साफ करण्याची सोय आहे. आपल्यापैकी कित्येकांची जीएसटीची बिले तिथेच पडलेली असतात, म्हणून ते सेटिंग आजच पाहून घ्या.

आमची उधारी आम्ही गल्ल्यातल्या चिठ्ठ्या जमवून पुन्हा लिहिली. दोन चिठ्ठ्या काही केल्या सापडल्या नाहीत. एका गिऱ्हाइकाने आपणहून रक्कम सांगितली. दुसऱ्याकडे आम्ही मागितली नाही.