रॉकेटची ‘चेन’ उघडली तर? हाय-पॉवर मॉडेल रॉकेटची दुरुस्ती आणि बदल

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. मोकळं वाळवंट, माणसाच्या उंचीचं रॉकेट, उलटी मोजणी, आणि दोन सेकंदात ते ढगात. व्हिडिओ बहुतेक वेळा तिथेच संपतो. पण असं रॉकेट एकदाच उडवून टाकून द्यायचं नसतं. ते पॅराशूटने खाली येतं, उचलून घरी आणायचं आणि पुन्हा उडवायचं. त्यामुळे या छंदातला बराच वेळ टेबलावर, सँडपेपर आणि इपॉक्सीच्या संगतीत जातो.

आधी ‘हाय-पॉवर’ म्हणजे काय ते बघू. रॉकेट मोटरला इंग्रजी अक्षर असतं आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण ताकदीची मर्यादा दुप्पट होते. ‘एच’ म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, ‘आय’ म्हणजे ३२० ते ६४०. हाय-पॉवर सुरू होतं ते साधारण ‘एच’पासून. अमेरिकेत अशी मोटर विकत घ्यायला नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशनचं सर्टिफिकेशन लागतं, आणि वय किमान १८. पहिल्या लेव्हलला ‘एच’ आणि ‘आय’, दुसरीला ‘जे’ ते ‘एल’, तिसरीला त्याच्या वरच्या मोटर. परीक्षा काय, तर रॉकेट स्वतः बांधा, उडवा आणि सुखरूप परत आणा. ते त्याच अवस्थेत पुन्हा उडवता येईल का, हे तिथला जाणकार तपासतो. नसेल तर नापास.

आणि नापास करणारी एक गोष्ट ठरलेली: झिपर.

किटची नळी साधारण जाड पुठ्ठ्याची असते. पॅराशूट आणि नळी यांना जोडणारा दोर म्हणजे शॉक कॉर्ड. रॉकेट अगदी वर पोचून थांबल्यासारखं झालं की पॅराशूट बाहेर पडायला हवं. ते लवकर किंवा उशिरा पडलं, तर रॉकेट अजून वेगात असतं. पॅराशूट मागे खेचतं, नळी पुढे धावते आणि मधला दोर नळीची कड फाडत खाली जातो, तारेने साबण कापावा तसा. बॅगची चेन उघडल्यासारखी सरळ चीर पडते, म्हणून नाव झिपर.

चीर लहान असेल, बोटाच्या पेरापेक्षा कमी, तर पातळ सुपरग्लू कडांमध्ये मुरवायचा, आतून फायबरग्लासची पट्टी इपॉक्सीने चिकटवायची, बाहेरून फिलर आणि सँडिंग. मोठी असेल तर थिगळ लावत बसू नका, सरळ कापा. नळीभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून कडा जुळवल्या की काटकोनात रेघ मिळते. त्या रेघेवर धारदार ब्लेडने एका दमात नाही, हलक्या हाताने आठ-दहा फेऱ्यांत कापायचं. मग आत बसणारी कपलर नळी घ्यायची. ती व्यासाच्या दुप्पट लांब हवी: ४ इंची रॉकेटला ८ इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना ४-४ इंच पकड. नळीच्या पुठ्ठ्यावर गुळगुळीत थर असतो, तो घासून काढल्याशिवाय गोंद धरत नाही. ही पायरी लोक हमखास टाळतात.

पण चीर भरली म्हणजे बग फिक्स झाला असं नाही. वेळ का चुकली? मोटरच्या नावात उत्तर असतं. ‘एच१२८-१४’ म्हणजे सरासरी १२८ न्यूटन जोर, आणि इंधन संपल्यावर १४ सेकंदांनी पॅराशूट फेकणारा स्फोट. तुमच्या रॉकेटला ९ सेकंदच हवे असतील, तर १४ घातक आहेत. बऱ्याच मोटरमध्ये हा वेळ ठरावीक साधनाने कमी करता येतो. दुसरा उपाय अल्टिमीटर. हवेचा दाब कमी व्हायचा थांबला की आपण शिखरावर आहोत हे तो ओळखतो. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर सेन्सर अॅप उघडून तिसऱ्या मजल्यावर जा. दाब साधारण एका हेक्टोपास्कलने उतरलेला दिसेल. तत्त्व तेच. फक्त अल्टिमीटर बसवलेल्या कप्प्याला बाहेरची हवा आत यायला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर त्याला उंची कळणारच नाही.

आता कस्टमायझेशन. रंग, स्टिकर, कॅमेरा हे करा हौसेने. पण प्रत्येक बदलाने वजन हलतं, आणि रॉकेटमध्ये वजन कुठे आहे हे ते किती आहे याइतकंच महत्त्वाचं. गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला, किमान एक व्यासभर हवा. शेपटीला जास्त इपॉक्सी, मोठी मोटर, जाड पंख यांनी गुरुत्वमध्य मागे सरकतो. अंतर फार कमी झालं तर रॉकेट सरळ न जाता हवेत कोलांट्या मारतं, आणि खाली माणसं उभी असतात. म्हणून ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात किटचं छापील वजन टाकू नका. दुरुस्तीनंतर रॉकेट खरोखर तराजूवर ठेवा, मोटरसकट दोरीवर तोलून गुरुत्वमध्य शोधा आणि तोच आकडा भरा. कोड बदलला की टेस्ट पुन्हा चालवतो ना, तसंच.

मोटर माउंट मात्र बांधतानाच ठरवा, नंतर ते निघत नाही. ३८ मिलिमीटरच्या माउंटमध्ये अडॅप्टर घालून २९ची मोटर बसते, उलटं जमत नाही.

आपल्याकडे हे घरी करता येईल का? नळी, पंख, ओपनरॉकेट, हो. मोटर, नाही. तिला स्फोटकांचे नियम लागू होतात, आणि फटाक्यांची दारू नळीत ठासून ‘जुगाड’ करणं म्हणजे रॉकेट नव्हे, पाइप बॉम्ब. अमेरिकेतले अनुभवी लोकही तयार प्रमाणित मोटरच वापरून सर्टिफिकेशनला उतरतात.

शेवटची तपासणी पंखांची. कडक जमिनीवर उतरल्यावर मुळाशी केसासारखी रेघ दिसते. ती फक्त रंगाची आहे की सांध्याची, हे बघायला पंख दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. रेघ उघडली किंवा करकर आवाज आला तर फिलेट घासून नवीन इपॉक्सी भरा. लाँचच्या दिवशी रेंज सेफ्टी ऑफिसर हेच करतो: पंख ओढून बघतो, दोर खेचतो, गुरुत्वमध्य कुठे आहे विचारतो, आणि समाधान झालं नाही तर रॉकेट सरळ परत देतो.