नाव पटावर, विद्यार्थी मुखर्जीनगरात

राजधानीतील जुन्या राजेंद्रनगर भागात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला. दोनच दिवसांनी राज्यसभेत त्यावर अल्पकालीन चर्चा झाली. तळघराला परवानगी कोणी दिली, नाले कोणी तुंबू दिले, महापालिका कोणाच्या ताब्यात आणि अधिकारी कोणाच्या आज्ञेत, यावर दोन्ही बाकांवरून हिरीरीने बोलले गेले. तत्कालीन सभापती जगदीप धनखड यांनी शिकवणीचा निव्वळ व्यापार झाल्याची खंत बोलून दाखविली. हे सारे योग्यच होते. पण देशाच्या कानाकोपऱ्यातील तरुण आपल्या गावचे महाविद्यालय सोडून दिल्लीतल्या तळघरांत अभ्यासाला का येतात, या प्रश्नाने त्या चर्चेत मध्यवर्ती जागा घेतली नाही.

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर बिहारमध्ये मिळते. दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसराला लागून असलेल्या मुखर्जीनगरात सायंकाळी चहाच्या टपरीपाशी उभे राहिले, तर मैथिली, मगही, भोजपुरी या तिन्ही बोली कानावर पडतात. यातील अनेक मुले कागदोपत्री दिल्लीची विद्यार्थी नसतातच. त्यांची नावे गया, मुजफ्फरपूर, छपरा, दरभंगा येथील महाविद्यालयांच्या पटावर असतात. वर्षातून एकदा परीक्षेचा अर्ज भरायला आणि एकदा परीक्षा द्यायला ती गावी जातात. परीक्षा ठरल्या तारखेला झाली तर, अर्थात. ती पुढे ढकलली गेली की रेल्वेचे तिकीट वाया जाते आणि पुन्हा आरक्षणाच्या रांगेत उभे राहावे लागते.

आपल्या महाविद्यालयाविषयी ही मुले बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा एक प्रकारचा अलिप्तपणा जाणवतो. इमारत जुनी आणि देखणी, आवार मोठे, ग्रंथालयाच्या कपाटांना कुलूप, विशेष विषयाला एखादाच अध्यापक आणि तोही परीक्षेच्या कामात गुंतलेला, असे वर्णन जिल्हा बदलला तरी फारसे बदलत नाही. प्रवेश घेताना कोणी फसविले, असेही त्यांचे म्हणणे नसते. तेथे वर्ग भरत नाहीत हे मोठ्या भावाने, शेजाऱ्याने आधीच सांगितलेले असते. महाविद्यालय पदवी देते, शिकायचे ते अन्यत्र, ही वाटणी त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच मान्य केलेली असते.

जुलै २०२२ मध्ये मुजफ्फरपूरच्या एका महाविद्यालयातील हिंदीच्या साहाय्यक प्राध्यापकाने या वाटणीवर नकळत बोट ठेवले. दोन वर्षे नऊ महिन्यांचे वेतन, म्हणजे सुमारे २३ लाख ८२ हजार रुपये, धनादेशाने विद्यापीठाला परत करण्याची तयारी त्याने दाखविली. वर्गात विद्यार्थीच येत नाहीत, तर वेतन कशाचे घ्यायचे, असा त्याचा सवाल होता. देशभर त्याचे कौतुक झाले. मग त्याच्या खात्यात तेवढी रक्कमच नसल्याचे उघड झाले, बदलीसाठी हा खटाटोप असल्याची चर्चा झाली आणि अखेर त्याने माफीचे पत्र दिले. वृत्तवाहिन्यांनी कौतुक आणि टिंगल, दोन्ही मनसोक्त केले. विद्यार्थी का येत नाहीत, हे विद्यार्थ्यांना विचारण्याची गरज मात्र फारशी कोणाला भासली नाही.

विचारले असते तर उत्तर आकड्यांतही सापडले असते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२१-२२च्या सर्वेक्षणानुसार महाविद्यालयीन वयाच्या दर लाख लोकसंख्येमागे देशात सरासरी ३० महाविद्यालये आहेत. कर्नाटकात हे प्रमाण ६६, तर बिहारमध्ये अवघे ७. पटनोंदणीचे देशाचे सकल गुणोत्तर २८.४, बिहारचे १७.१. म्हणजे आधीच शंभरातले सतराच जण उच्च शिक्षणाच्या दारात पोहोचतात आणि त्यांच्यासाठी असलेली महाविद्यालये इतकी थोडी की प्रत्येकात पटाची खोगीरभरती. सगळे विद्यार्थी एके दिवशी खरोखरच हजर झाले, तर त्यांना बसायला बाके पुरणार नाहीत. गैरहजेरीवरच व्यवस्था चालते, हे तेथील प्राध्यापक खासगीत मान्य करतात.

शिकविणार कोण, हा दुसरा प्रश्न. साहाय्यक प्राध्यापकांच्या भरतीची मोठी जाहिरात २०१४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाने काढली, ती प्रक्रिया काही विषयांत पाच वर्षे चालली. त्यानंतर विद्यापीठांसाठी स्वतंत्र सेवा आयोग आला. त्याने सप्टेंबर २०२० मध्ये ५२ विषयांतील ४,६३८ पदांची जाहिरात दिली. तीही आरक्षणाच्या बिंदुनामावलीवरून न्यायालयात अडकत, विषयाविषयाने पुढे सरकली. जाहिरात निघाली त्या वर्षी पदवीला प्रवेश घेतलेला विद्यार्थी आपल्या विषयाचा कायम अध्यापक पाहण्याआधीच महाविद्यालयाबाहेर पडणार होता. निदान कागदावर तरी.

कागदावर म्हणण्याचे कारण, वेळेवर बाहेर पडणे हेच तेथे दुर्मीळ. ‘सत्र लेट आहे’ हे वाक्य बिहारमध्ये हवामानाच्या बातमीसारखे बोलले जाते. बोधगयेच्या मगध विद्यापीठाची कहाणी त्यात सर्वांत कडू. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या विशेष दक्षता पथकाने तेथील तत्कालीन कुलगुरूंच्या निवासस्थानी छापे घातले. उत्तरपत्रिका आणि ई-पुस्तकांच्या खरेदीत गैरव्यवहार झाल्याचा आरोप होता. चौकशी सुरू झाली आणि विद्यापीठाचा आधीच मंद असलेला कारभार जवळपास थांबला. २०१८ मध्ये तीन वर्षांच्या पदवीला बसलेल्या तुकडीचे विद्यार्थी २०२२ मध्ये परीक्षा आणि निकालासाठी रस्त्यावर उतरलेले होते.

या विलंबाची किंमत दिल्लीत बसून चटकन ध्यानात येत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग असो वा बँकांची भरती, ठरावीक तारखेपर्यंत पदवी हाती हवी आणि वय मर्यादेत हवे. निकाल दोन वर्षे लांबला तर अर्ज भरण्याच्या दोन संधी जातात, वय मात्र वाढतच राहते. कर्ज काढून किंवा जमीन गहाण टाकून मुलाला बाहेर ठेवणाऱ्या बापाला याचा हिशेब रुपयांत करावा लागतो. मुंबईत ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. तेव्हा महाराष्ट्रात ‘हे लोंढे का येतात’ असा प्रश्न विचारला गेला. चतुर्थ श्रेणीच्या नोकरीसाठी पदवीधर तरुण हजार मैलांचा प्रवास का करतो, याचे अर्धे उत्तर त्याच्या गावच्या महाविद्यालयात होते. तेथपर्यंत ना मुंबईचे राजकारण गेले ना पाटण्याचे.

बिहारच्या राजकारणाने या महाविद्यालयांकडे पाठ फिरवावी, यात मोठा विरोधाभास आहे. १८ मार्च १९७४ रोजी विधानसभेला घेराव घालणारे विद्यार्थी याच महाविद्यालयांतले होते. लालूप्रसाद यादव पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते, सुशीलकुमार मोदी सरचिटणीस. नीतीशकुमार पाटण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. जयप्रकाशांनी विद्यार्थ्यांकडे शिक्षणाचे एक वर्ष मागितले होते आणि त्या पिढीने ते दिले. पुढे ही मंडळी सत्तेवर आली. १९९० पासून बिहारचे मुख्यमंत्रिपद प्रामुख्याने त्या आंदोलनाच्या वारसदारांच्याच हाती राहिले. याच काळात पाटणा विद्यापीठात १९८४ नंतर विद्यार्थी संघाची निवडणूक थेट २०१२ मध्ये झाली. ज्या शिडीने आपण वर आलो ती अठ्ठावीस वर्षे अडगळीत राहिली, याचे वैषम्य कोणत्याच पक्षाला वाटलेले दिसले नाही.

सरकारांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. काय केले, हे पाहण्यासारखे आहे. विनाअनुदान तत्त्वावर चालणाऱ्या संलग्न महाविद्यालयांसाठी २००८ मध्ये अनुदान सुरू झाले, पण ते किती विद्यार्थी कोणत्या श्रेणीत उत्तीर्ण झाले यावर बेतलेले. किती तास झाले याच्याशी त्याचा संबंध नाही. २ ऑक्टोबर २०१६ पासून विद्यार्थी क्रेडिट कार्ड योजना आली. उच्च शिक्षणासाठी चार लाखांपर्यंत कर्ज, आणि ते राज्याबाहेरच्या संस्थांसाठीही. पदवीधर मुलींना २५ हजार रुपये देणारी कन्या उत्थान योजना २०१८ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२१ पासून ती रक्कम ५० हजार झाली. तिन्ही योजना लोकप्रिय आणि तिन्हींचा काही ना काही उपयोग झाला. तरीही उत्तीर्ण होण्याला पैसा मिळाला, बाहेर जाण्याला मिळाला, पदवीच्या कागदाला मिळाला. जिल्ह्याच्या गावी रोज भरणाऱ्या तासाला मात्र या तिन्हींपैकी एकीतही जागा नव्हती. मतांच्या हिशेबात तास दाखविता येत नाही, हे राजकारण्यांना पक्के ठाऊक असते.

मुलींचा अनुभव यात वेगळा आहे आणि तो मुखर्जीनगरच्या टपरीवर ऐकू येत नाही. भाऊ दिल्लीला किंवा कोट्याला गेला तरी बहिणीला बहुतेक घरांत जिल्ह्याबाहेर पाठविले जात नाही. तिच्यासाठी स्थानिक महाविद्यालय हाच पहिला आणि शेवटचा पर्याय असतो. शाळेत जाण्यासाठी सरकारने दिलेल्या सायकलवरून नववीला बाहेर पडलेली ही पिढी. महाविद्यालयातला तास झाला नाही तरी मैत्रिणींबरोबर आवारात बसणे, वाचनालयात वृत्तपत्र वाचणे हेही तिला हवे असते. वर्ग नियमित भरावेत, स्वच्छतागृह असावे, सायंकाळच्या आत घरी पोहोचता येईल असे वेळापत्रक असावे, या तिच्या मागण्या साध्या आहेत. मुले महाविद्यालयाला हसून मोकळी होतात, मुली त्याच्याकडून अजून अपेक्षा ठेवतात. विद्यापीठाने निकालाची माहिती संकेतस्थळावर वेळेत चढविली नाही म्हणून कन्या उत्थानचे पैसे अडकल्याच्या तक्रारी घेऊन विद्यापीठाच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्याही त्याच.

आता दिल्लीची बाजू. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले, म्हणजे जबाबदारी दोघांची. संसदेत राज्य विद्यापीठांवर प्रश्न आला की सरकारी उत्तराचा साचा ठरलेला असतो. ही विद्यापीठे राज्याच्या कायद्याने स्थापन झाली असून त्यांचा कारभार राज्याने पाहावयाचा आहे, केंद्र योजनांद्वारे साह्य करते. साह्याची योजना २०१३ मध्ये ‘रूसा’ या नावाने आली. २०२३ मध्ये तिचे नाव ‘पीएम-उषा’ झाले आणि २०२५-२६ पर्यंतच्या तीन वर्षांसाठी देशभराकरिता १२,९२६ कोटी रुपये ठरले. सर्व राज्यांच्या विद्यापीठांत आणि हजारो महाविद्यालयांत हे वाटले तर हाती काय लागते, याचे गणित अवघड नाही. पाटणा विद्यापीठाच्या शताब्दी समारंभात १४ ऑक्टोबर २०१७ रोजी नीतीशकुमार यांनी केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा जाहीरपणे मागितला होता. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याच व्यासपीठावरून, ही मागणी कालची झाली, जागतिक दर्जाच्या वीस विद्यापीठांच्या स्पर्धेत उतरा, असे सुचविले. आवारातले विद्यार्थी मात्र आदल्या वर्षीच्या परीक्षांचे निकाल कधी लागतील याच्या विवंचनेत होते.

पाटण्यात तर जबाबदारीचे आणखी दोन तुकडे झालेले. राज्यपाल कुलपती, वेतन राज्य सरकारचे. कुलगुरूंच्या नेमणुकीवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये राज्य सरकारशी सल्लामसलत न करता झालेल्या नेमणुका रद्द ठरल्या. दहा वर्षांनी तोच खेळ नव्याने रंगला. गोव्याचे राजेंद्र आर्लेकर तेव्हा बिहारचे राज्यपाल होते, तर शिक्षण विभागाची सूत्रे के. के. पाठक या कडक सनदी अधिकाऱ्याकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये विभागाने मुजफ्फरपूरच्या विद्यापीठाचे कुलगुरू आणि प्र-कुलगुरू यांचे वेतन रोखले, राजभवनाने तो आदेश मागे घ्यायला सांगितले. २०२४ मध्ये बैठकीला कुलगुरू आले नाहीत म्हणून विद्यापीठांची बँक खातीच गोठविली गेली. मे महिन्यात पाटणा उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. परीक्षेसाठी कागद घ्यायलाही विद्यापीठाला खाते लागते, हे त्या रस्सीखेचीत कोणाच्या गावी नव्हते.

याच वादात चार वर्षांची पदवी आली. राजभवनाने २०२३-२४ पासून सत्रपद्धतीसह ती लागू केली, राज्याच्या शिक्षण विभागाने आक्षेप घेतला. वर्षाला एक परीक्षा वेळेवर घेऊ न शकणाऱ्या विद्यापीठांनी आता आठ सत्रांच्या आठ परीक्षा घ्यायच्या होत्या. विद्यार्थ्यांचे म्हणणे दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. अभ्यासक्रम नवा आहे, विषय निवडण्याची मोकळीक आहे, हे त्यांना आवडते. पण निवडलेला विषय शिकवायला कोणी नाही, मग आमच्या मोकळिकीचा उपयोग काय, असेही ते विचारतात.

एप्रिल २०२४ पासून पदवी महाविद्यालयांतले इंटरचे, म्हणजे अकरावी-बारावीचे वर्ग बंद झाले. त्यामुळे खोल्या मोकळ्या झाल्या खऱ्या. मात्र त्यांना अन्य उपयोगही पुष्कळ असतात. पाटण्याचे ए. एन. महाविद्यालय निवडणुकीचे मतमोजणी केंद्र असते. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी विधानसभेची मोजणी झाली त्या दिवशीही शहरातल्या उमेदवारांचे भवितव्य तेथेच ठरले. पलायन हा त्या प्रचारातला गाजलेला शब्द होता. नोकरीसाठीच्या पलायनावर सर्वच पक्ष बोलले, शिक्षणासाठी घर सोडणाऱ्यांचा उल्लेख त्यात ओघाने आला आणि ओघानेच गेला.

चार वर्षांच्या पदवीची पहिली तुकडी २०२३ मध्ये आत आली. तिची आठ सत्रे वेळापत्रकानुसार २०२७ मध्ये संपतात. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा नियमात आहे, आणि मुखर्जीनगरातल्या या तुकडीच्या मुलांचा कल तिकडेच. त्यासाठी सहाव्या सत्राचा निकाल हातात हवा. गावी राहिलेल्या मित्राला फोन करून ती सध्या एवढेच विचारतात की विद्यापीठाच्या फलकावर तारीख लागली का.